लाखात दोन आणि ८३ मध्ये १२

स्त्रीनसबंदीची शस्त्रक्रिया किती धोक्याची, याचं उत्तर वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात एका ओळीत मिळतं: एक लाख शस्त्रक्रियांमागे एक ते दोन मृत्यू. शस्त्रक्रियांच्या हिशेबात हा आकडा फारच लहान आहे. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमध्ये, बिलासपूरला लागून असलेल्या सकरी इथे, बंद पडलेल्या एका खाजगी रुग्णालयाच्या इमारतीत ८३ स्त्रियांवर हीच शस्त्रक्रिया झाली. त्या दिवशीच्या आणि पाठोपाठ दोन दिवसांनी गौरेला-पेंड्रा भागात झालेल्या शिबिरांतल्या मिळून १३ जणी मरण पावल्या. त्यातल्या जवळजवळ सगळ्या सकरीच्या होत्या.

सकरीच्या १२ धरल्या तरी दर सात जणींमागे एक मृत्यू होतो. लाखाच्या भाषेत सांगायचं तर १४ हजारांहून जास्त. पुस्तकातला वरचा आकडा, म्हणजे लाखात दोन, मान्य केला तर ५० हजार शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू अपेक्षित असतो. दिवसाला ८३ या हिशेबाने एका मृत्यूसाठी अशी सहाशे शिबिरं भरवावी लागतील. इथे एकाच शिबिरात बारा. शिबिरातल्या सर्जनना त्याच वर्षी जानेवारीत राज्य सरकारने ५० हजार शस्त्रक्रिया पूर्ण केल्याबद्दल गौरवलं होतं. म्हणजे आयुष्यभराच्या कामात ज्यांच्या हातून सरासरीने एखादा मृत्यू व्हावा, त्यांच्या एका दुपारी बारा झाले. इतकी तफावत नशिबाने पडत नाही. ती कुठून आली, हे त्या दुपारच्या घड्याळावरून बरंचसं कळतं.

८३ शस्त्रक्रियांना किती वेळ लागला, याबद्दल त्या वेळच्या बातम्यांत तीन तासांपासून सहा तासांपर्यंत आकडे आहेत. तीन तास धरले तर एकीला दोन मिनिटं दहा सेकंद मिळतात. सहा धरले तर सव्वाचार मिनिटं. बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बीण आत सोडतात आणि बीजनलिकांवर कडी बसवतात. सराईत हाताला हे काही मिनिटांत जमतं, हे खरं आहे. वेळ लागतो तो दोन बायकांच्या मध्ये. एकीच्या पोटातून बाहेर काढलेली दुर्बीण दुसरीच्या पोटात घालण्याआधी दोन टक्के ग्लुटराल्डिहाइडच्या द्रावणात २० मिनिटं बुडवून ठेवावी लागते. दुर्बीण एकच असेल तर ८३ वेळा २० मिनिटं, म्हणजे २७ तास ४० मिनिटं नुसती निर्जंतुकीकरणाला हवीत. सकरीत दुर्बीण एकच होती, असं तेव्हा सर्वत्र छापून आलं.

केंद्र सरकारच्या मानकांत एका पथकाला दिवसाला जास्तीत जास्त ३० शस्त्रक्रियांची मुभा आहे, तीही तीन दुर्बिणी असतील तर. हा ३० चा आकडा उगाच ठरवलेला नाही. तीन दुर्बिणी आळीपाळीने वापरल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला दहा जणी येतात, आणि दहा वेळा २० मिनिटं म्हणजे तीन तास वीस मिनिटं. एका सत्रात धुण्या-बुडवण्यासकट बसेल एवढंच हे काम आहे. मर्यादा ओलांडली की वेळ कुठून तरी कापावा लागतो, आणि तो निर्जंतुकीकरणातूनच कापला जातो.

सकरी एकटं असतं तर अपवाद म्हणून सोडून देता आलं असतं. पण जानेवारी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत रात्री टॉर्चच्या उजेडात दोन तासांत ५३ जणींची नसबंदी झाली होती. तिथला वेग एकीला दोन मिनिटं सोळा सेकंद. दोन राज्यं, मध्ये जवळजवळ तीन वर्षं, आणि सकरीचे तीन तास धरले तर वेग जवळजवळ सारखाच निघावा, याचा अर्थ दोन्हीकडे तो उद्दिष्टाच्या आकड्याने ठरवला होता. डॉक्टरांचं कौशल्य किंवा बाईची प्रकृती यांचा त्याच्याशी संबंध नव्हता.

मृत्यू कशाने झाले यावर मात्र वाद पेटला. शवविच्छेदनात जंतुसंसर्गाची लक्षणं दिसल्याचं सांगितलं गेलं. दुसरीकडे शिबिरात दिलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांवर संशय आला. त्या राज्याच्या राजधानीत, रायपूरच्याच एका कारखान्यात बनल्या होत्या, आणि त्यांत उंदीर मारण्याचं झिंक फॉस्फाइड असल्याचं राज्याच्या अधिकाऱ्यांनी सुरुवातीला जाहीर केलं. चौकशी दोन्ही अंगांनी झाली. दोष औषधाचा की हत्यारांचा, हा न्यायालयासाठी मोठा प्रश्न आहे. ज्या बाईला टेबलावर झोपायचं आहे तिच्यासाठी दोन्ही एकाच जोखमीचे भाग आहेत, कारण लाखात दोन हा आकडा औषध शुद्ध आहे, हत्यार स्वच्छ आहे आणि नंतर कोणी नाडी बघणार आहे, हे गृहीत धरूनच मोजलेला असतो.

 रायपुरात कोणाच्याही घरी ऑपरेशन ठरलं की विचारतात ते एवढंच: मेकाहारा या सरकारी रुग्णालयात करायचं की खाजगीत, डॉक्टर कोण, खर्च किती. गावात मितानिन, म्हणजे गावातलीच आरोग्यसेविका, सांगेल ती तारीख धरतात. त्या दिवशी किती जणींचं होणार आहे, हे कोणी विचारत नाही, आणि सांगतही नाही. बराचसा धोका त्या एका आकड्यावर ठरत असताना तो न विचारला जावा, याचं मला फार वाईट वाटतं.

देशाच्या सरासरीकडे पाहिलं तर चित्र सुधारलेलं दिसतं. आणीबाणीच्या दोन वर्षांत, १९७५ ते १९७७ मध्ये, सुमारे १ कोटी ७ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांच्याशी जोडलेले १,७७४ मृत्यू शाह आयोगाने नोंदवले. लाखाला साधारण १७. सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या माहितीनुसार २०१० ते २०१३ या काळात ३६३ मृत्यू झाले. वर्षाला चाळीस-पंचेचाळीस लाख शस्त्रक्रिया धरल्या तर लाखाला तीनच्या आसपास. सुधारणा खरी आहे, पण पूर्ण विश्वास ठेवावा असा हा आकडा नाही. सकरीच्या स्त्रिया मोजल्या गेल्या कारण त्या एकाच वेळी, एकाच शहराच्या रुग्णालयांत आल्या. घरी परतल्यावर सातव्या दिवशी ताप चढून एखाद्या वाडीवर एकटी गेलेली बाई या ३६३ मध्ये आहे का, हे पाठपुराव्यावर अवलंबून असतं, आणि शिबिरांत सगळ्यात कच्चा दुवा तोच असतो.

पाठपुराव्याला जगभर किती महत्त्व आलं आहे ते २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अंदाजावरून दिसतं: शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांत जगात दरवर्षी ४२ लाख माणसं मरतात, एकूण मृत्यूंच्या ७.७ टक्के. असे मृत्यू कमी करायचा सोपा उपाय अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे यांच्या पथकाने २००९ मध्ये मांडला होता.  उपाय म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी मोठ्याने वाचायची १९ बाबींची यादी. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर आली. मग कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने ती सक्तीची केली. २०१४ मध्ये १०१ रुग्णालयांचा निष्कर्ष छापून आला: मृत्यू ०.७१ वरून ०.६५ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाहीच म्हणा. यादी तीच होती. ती मनापासून वापरणं आणि खुणा करून फाइलला लावणं यात अंतर होतं, असं मी यातून समजतो. सकरीच्या वेळीही मानकं होती. ती लिहून तेव्हा आठ वर्षं झाली होती.

अररियाच्या प्रकरणात देविका बिस्वास यांनी केलेल्या याचिकेवर न्या. मदन लोकुर आणि न्या. उदय लळित यांनी १४ सप्टेंबर २०१६ रोजी निकाल दिला. तीन वर्षांत शिबिरं बंद करा, असं त्यात म्हटलं होतं. शिबिराऐवजी रुग्णालयात, ठरल्या दिवशी, मोजक्या जणींवर ही शस्त्रक्रिया व्हावी, हा त्यामागचा विचार आणि तो आकड्यांना धरून आहे.

एक आकडा मात्र त्या निकालानेही हलला नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३६ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती आणि पुरुषनसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के होतं. २०१९-२१ मध्ये स्त्रियांचा आकडा ३७.९ झाला, पुरुषांचा ०.३ च राहिला. महाराष्ट्रात तर जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुषाच्या शस्त्रक्रियेत पोटात काही घालावं लागत नाही, जागेपुरती भूल पुरते आणि तासाभरात माणूस चालत घरी जातो.