खाडीकाठचा हिशेब



भूगोलाच्या पुस्तकात देशांचे दोन गट तुम्ही वाचले आहेत. काही देश विकसित, काही विकसनशील. विकसनशील म्हणजे ज्याचा विकास अजून चालू आहे असा. उर्दूत आपण 'तरक्कीपज़ीर' म्हणतो. 'भारत हा विकसनशील देश आहे' हे वाक्य परीक्षेत लिहिले की गुण मिळतात. पण विकास चालू असतो, तेव्हा नेमके काय चालू असते? हे पाहायचे असेल तर नकाशा मिटून ठेवावा आणि आमच्या तळवली गावाबाहेर येऊन ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला जरा उभे राहावे.

तळवली हे नवी मुंबईतील घणसोली आणि रबाळे यांच्या मधले गाव. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकचे डोंगर. मध्ये रेल्वे आणि मोठा रस्ता. या पट्ट्यात पूर्वी आगरी आणि कोळी लोकांची वस्ती होती. ते भातशेती करीत, मिठागरांत राबत आणि खाडीत मासे धरीत. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर रस्त्याच्या पूर्वेला कारखाने उभे राहिले. त्यांत रसायनांचे कारखाने पुष्कळ होते. त्यांतील अनेक आता बंद झाले असून त्यांच्या जागी संगणकाच्या कंपन्यांची कार्यालये आली आहेत.

या रस्त्यावरून लोखंडी पेटारे लादलेल्या लांबलचक गाड्या जातात. या पेटाऱ्यांना कंटेनर म्हणतात. त्यांतील कितीतरी उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदराकडे जातात किंवा तिकडून येतात. उर्दू बोलणाऱ्या मुलांना 'बंदर' म्हटले की माकड आठवते. मराठीत मात्र बंदर म्हणजे बंदरगाह. न्हावा-शेवाचे हे बंदर 1989 साली सुरू झाले. त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव आहे. कंटेनरच्या वाहतुकीत ते देशातील अगदी पुढचे बंदर आहे.

बंदरातून माल बाहेर जातो, त्याला निर्यात म्हणतात. आत येतो, ती आयात. देशाला बाहेरून काही घ्यायचे असेल तर त्याचे पैसे बहुधा डॉलरसारख्या परकीय चलनात द्यावे लागतात. हे चलन येते कोठून? आपला माल बाहेर विकून, किंवा परदेशी गेलेल्या आपल्या लोकांनी घरी पाठवलेल्या पैशांतून. कोकणातील ज्या घरांतले वडील किंवा मामू कुवेतला, सौदीला नोकरीस आहेत, त्या घरांना हे समजावून सांगायला नको.

1990 साली इराकने कुवेतवर हल्ला केला. खनिज तेल महागले. कुवेतमध्ये काम करणाऱ्या दीड लाखांहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. त्यांत महाराष्ट्रातील माणसेही होती. घर चालवणारा माणूस एका पेटीनिशी परत आला आणि दरमहा येणारा पैसा थांबला. देशाची स्थितीही त्या घरासारखीच झाली. आयातीचे पैसे देण्यापुरते परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांचे उरले. मग जुलै 1991 मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोने मुंबईहून परदेशी पाठवून त्यावर कर्ज घेतले. घरात अडचण आली की आई बांगड्या गहाण ठेवते, तसाच हा प्रकार होता. त्याच वर्षी भारताने आपले आर्थिक धोरण बदलले आणि परदेशी व्यापाराला अधिक वाट मोकळी करून दिली.

मग प्रत्येक देशाने खूप माल विकावा, म्हणजे झाले, असे तुम्ही म्हणाल. पण विकायचे काय, हा खरा प्रश्न आहे. आफ्रिकेतील घाना आणि आयव्हरी कोस्ट या दोन देशांत जगातील सुमारे निम्मा कोको पिकतो. कोकोपासून चॉकलेट बनते. ते मात्र बहुतेक युरोपातील आणि अमेरिकेतील कारखान्यांत बनते. कच्चा माल विकणाऱ्याला थोडे मिळते आणि पक्का माल विकणाऱ्याला पुष्कळ. आपल्याकडेही हेच घडले होते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे व्यापारी एकदम श्रीमंत झाले. युद्ध संपले, भाव कोसळला आणि कितीतरी पेढ्या बुडाल्या. आपल्या शेतातला भाव समुद्रापलीकडचे लोक ठरवीत होते.

अलीकडचे उदाहरण कांद्याचे. कांद्याला उर्दूत प्याज म्हणतात. नाशिक जिल्ह्यातील लासलगावची कांद्याची बाजारपेठ देशभर प्रसिद्ध आहे. तो कांदा आपल्या जवळच, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात येतो आणि परदेशीही जातो. 2023 साली शहरांत कांदा महाग होऊ लागला. तेव्हा केंद्र सरकारने आधी त्याच्या निर्यातीवर कर लावला आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. लगेच नाशिककडे भाव पडले. शेतकरी रस्त्यावर आले. ही बंदी मे 2024 मध्ये उठली. तुम्हीच सांगा, सरकारने कोणाचे ऐकावे? घणसोलीत भाजी घेणाऱ्या बाईचे की नाशिकच्या शेतकऱ्याचे? मला दोघांचेही म्हणणे खरे वाटते. श्रीमंत देशातील माणसाच्या मिळकतीतला फार थोडा भाग जेवणावर खर्च होतो. आपल्याकडे गरीब घराची निम्मी कमाई चुलीत जाते. म्हणून कांदा दहा रुपयांनी महागला तरी आपल्याकडे सरकारची झोप उडते. अशा वेळी बहुधा शेतकऱ्यालाच गप्प बसवले जाते, कारण तो दूर असतो. हे मला पटत नाही.

आता पुन्हा बंदराकडे वळू. बंदर बांधायला समुद्र लागतो, तशी जमीनही लागते. त्या जमिनीवर आधीच कोणी तरी राहत असते. शेवा येथील कोळी कुटुंबांना बंदरासाठी आपली घरे सोडावी लागली. त्यांच्यासाठी हनुमान कोळीवाडा नावाची नवी वस्ती वसवण्यात आली. त्या जागेत वाळवी फार. नव्या घरांची दारे, खिडक्या, वासे वाळवीने पोखरले आणि लोकांना पुन्हा जागा मागत फिरावे लागले.

नवी मुंबईची गोष्टही याच जातीची आहे. मुंबईतील गर्दी कमी व्हावी म्हणून खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे ठरले. त्यासाठी 17 मार्च 1970 रोजी सिडको ही संस्था स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील 95 गावांची जमीन या शहरासाठी ठरवण्यात आली. शेतकऱ्यांना मिळालेला मोबदला फार तुटपुंजा होता. जमीन गेली आणि पैसा लग्नकार्यात, घरदुरुस्तीत संपून गेला. दि. बा. पाटील या पुढाऱ्यांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांनी आंदोलन केले. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात दोन दिवसांत पाच जण मरण पावले. पुढे सरकारने साडेबारा टक्क्यांची योजना आणली. ज्याची जमीन घेतली, त्याला त्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत द्यायची, असा हा नियम. इतर ठिकाणचे लोक आजही या नियमाचे उदाहरण देतात. मात्र त्यातही एक उणीव राहिली. ज्याच्या नावावर सातबारा होता, त्याला काही तरी मिळाले. जो दुसऱ्याच्या शेतात किंवा मिठागरात मजुरी करी, जो खाडीत जाळे टाकी, त्याने काय दाखवावे? खाडीचा सातबारा कोणाच्याच नावावर नसतो.

येथे दोन शब्दांतील फरक लक्षात ठेवा. धरण, बंदर, कारखाना अशा कामासाठी ज्याला आपल्याच देशात घर सोडावे लागते, तो विस्थापित. त्याला प्रकल्पग्रस्तही म्हणतात. जिवाच्या भीतीने किंवा छळामुळे जो दुसऱ्या देशात आश्रय घेतो, तो निर्वासित. यालाच उर्दूत 'पनाहगुज़ीन' किंवा 'मुहाजिर' हे शब्द आहेत.

निर्वासितांनी वसवलेले एक गाव तळवलीहून फार दूर नाही. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी छावणी बांधली होती. 1947 साली देशाची फाळणी झाली. सिंधमधून आलेल्या हिंदू कुटुंबांना त्या छावणीच्या बराकींत जागा देण्यात आली. सुमारे एक लाख माणसे तेथे राहिली. त्याच सुमारास मुंबईतील अनेक मुसलमान कुटुंबे कराचीला गेली आणि तेथे मुहाजिर म्हणून ओळखली जाऊ लागली. दोन्ही बाजूंना माणसे घराची किल्ली बरोबर घेऊन निघाली होती. ते कुलूप पुन्हा उघडणाऱ्यांची संख्या फार थोडी.

8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या छावणीच्या जागी नव्या गावाची पायाभरणी केली. गावाला नाव दिले उल्हासनगर. तेथे शेती नव्हती, मोठा कारखाना नव्हता. लोकांनी पापड लाटले, मिठाई केली, कपडे शिवले, लाकडी सामान बनवले. पुढे जीन्सच्या विजारी शिवण्यात या गावाने मोठे नाव कमावले. निर्वासित म्हणजे केवळ ओझे, असे समजणाऱ्यांनी एकदा उल्हासनगरचा बाजार पाहून यावा. अर्थात सुरुवातीची वर्षे कोणी तरी त्यांना अन्न, पाणी आणि छप्पर द्यावेच लागते. हा खर्च जगात कोण करतो? तुम्हाला वाटेल, श्रीमंत देश. पण आज जगातील सुमारे तीन चतुर्थांश निर्वासित गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, कारण माणूस जीव घेऊन पळतो तेव्हा शेजारच्याच दारात जातो. 1971 साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक भारतात आले. त्याच भूमीचा पुढे बांगलादेश झाला, आणि 2017 साली म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या पळून आले तेव्हा त्यांना जागा देण्याची पाळी त्या देशावर आली.

उल्हासनगर हे नाव उल्हास नदीवरून पडले आहे. येथे पुन्हा शब्दांची गंमत पाहा. उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र. उल्हास मात्र दोन्ही भाषांचा मान राखते. खंडाळ्याच्या बाजूच्या डोंगरात ती उगम पावते, कर्जत, बदलापूर, कल्याणवरून वाहते आणि खाडीला मिळते. वाटेत तिचे पाणी अनेक शहरे पितात. वाटेत तिला घाणही पुष्कळ मिळते. वालधुनी ही तिची लहानशी सोबतीण अंबरनाथ आणि उल्हासनगरमधून येते. अंबरनाथला तिच्या काठी शिलाहार राजांच्या काळातील शिवमंदिर आहे. मंदिर जवळजवळ हजार वर्षे टिकले, पण नदी काही दशकांत काळी पडली. रसायनांच्या कारखान्यांचे पाणी तिच्यात गेले. जीन्स धुण्याचे निळे पाणी गेले. घराघरांतील सांडपाणी गेले. 2014 साली उल्हासनगरमध्ये एका टँकरमधून नदीत रसायन ओतले गेले. त्याच्या वायूने अनेक लोकांना श्वास घेता येईना आणि त्यांना दवाखान्यात न्यावे लागले.

जीन्स धुणारे कारखाने न्यायालयाच्या आदेशामुळे बंद झाले, तेव्हा नदीला थोडा विसावा मिळाला आणि हजारो मजुरांचा रोजगार गेला. सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा महाग असते. लहान कारखानदार म्हणतो, मला परवडत नाही. मोठा व्यापारी म्हणतो, विजार स्वस्त हवी. त्या स्वस्ताईची उरलेली किंमत वालधुनी देत होती आणि काठावरची माणसे देत होती.

नदी एकाच जिल्ह्यात असली तरी इतका गुंता होतो. मग दोन देशांतून वाहणाऱ्या नदीचे काय? गंगेवर भारताने फरक्का येथे बंधारा बांधला. तो 1975 साली सुरू झाला. खाली बांगलादेशात उन्हाळ्यात पाणी कमी पडू लागले. पुष्कळ वर्षे वाद चालला. शेवटी 12 डिसेंबर 1996 रोजी दोन्ही देशांनी पाणीवाटपाचा 30 वर्षांचा करार केला. नदीच्या वरच्या अंगाला राहणारा माणूस नेहमी जोरात असतो, कारण तोटी त्याच्या हातात असते. पण त्याच्याही वर कोणी तरी असतेच.

आता तळवलीपासचे कारखाने पाणी कोठून आणतात, ते सांगतो. बदलापूरजवळ बारवी नदीवर औद्योगिक विकास महामंडळाचे धरण आहे. ही नदी उल्हासचीच उपनदी. तेथून नळांनी पाणी ठाणे-बेलापूरच्या कारखान्यांना आणि आसपासच्या शहरांनाही येते. पाणी कमी पडू लागले, म्हणून धरणाची उंची वाढवण्यात आली. तेव्हा काठच्या पाड्यांना आपली घरे आणि शेते सोडावी लागली. गावकरी कित्येक वर्षे अडून बसले. शेवटी ठरले ते असे: प्रत्येक बाधित कुटुंबातील एकाला नोकरी द्यायची, आणि ती द्यायची औद्योगिक महामंडळाने आणि त्या धरणाचे पाणी घेणाऱ्या नगरपालिका-महानगरपालिकांनी. त्यामुळे ज्यांची शेते बारवीच्या पाण्याखाली गेली, त्यांची मुले आता ते पाणी वापरणाऱ्या शहरांच्या कचेऱ्यांत कामाला जातात.