थंडीसाठी चूल घेताय? आधी लाकूड, हवा आणि धुराडं बघा



थंडी वाढायला लागली. निफाड पट्ट्यात तर एखाद्या वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. पहाटे आंघोळीचं पाणी तापवायचं, मळ्यातलं दोन खोल्यांचं घर थोडं उबदार ठेवायचं, म्हणून "कोणती चूल घ्यावी?" असं बरेच सभासद विचारतायत. खरेदीआधी हा मेसेज शेवटपर्यंत वाचा. घरातल्या बायामाणसांनाही वाचून दाखवा, कारण चुलीपुढं बसायचं त्यांनाच असतं.

*⚠️ सगळ्यात आधी एक गोष्ट*
निखाऱ्याची शेगडी किंवा घमेलं झोपायच्या खोलीत ठेवून दार लावू नका. निखाऱ्यांचा धूर दिसत नाही, म्हणून आपल्याला ते निर्धोक वाटतात. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेला माणूस झोपेतच जातो. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ असं एकदम दोघा-तिघांना व्हायला लागलं, तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. शेकायचं तर अंगणात शेका.

*१) चांगल्या चुलीनं किती वाचतं?*
चौघांच्या आंघोळीला ६० लिटर पाणी धरू. ते १५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला १५०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो सुक्या लाकडात साधारण ३५०० किलोकॅलरी असतात. उघड्या चुलीत त्यातला दहावा हिस्सा भांड्याला मिळतो, बाकी सगळं हवेत. म्हणजे रोज सव्वाचार किलो लाकूड. २५ टक्के कार्यक्षमतेच्या चुलीत तेच काम पावणेदोन किलोत होतं. रोजचं अडीच किलो वाचलं, तर थंडीच्या तीन महिन्यांत सव्वादोन क्विंटल. शिवाय धूर कमी तो वेगळाच.

*२) चूल घेताना काय बघायचं?*
✅ धातूच्या तयार चुलीवर आयएस १३१५२ हे मानक लिहिलंय का बघा. त्यात साध्या हवेवर चालणाऱ्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला किमान ३५ टक्के कार्यक्षमता लागते.
✅ जाळी हवी. लाकूड जाळीवर राहिलं की खालून हवा मिळते आणि राख खाली पडते. लाकूड राखेत रुतलं की धूर धरलाच.
✅ भांडं चुलीच्या तोंडावर नीट बसायला हवं. घरचं रोजचं पातेलं दुकानात घेऊन जा, लाजू नका.
✅ पंख्याच्या चुलीला बारीक तुकडे आणि चार्जिंग लागतं. वस्तीवर लाइटचा भरवसा नसेल तर साधीच घ्या.
✅ आकार गरजेपुरताच. मोठी चूल घेऊन हवा कोंडून मंद जाळली, तर लाकूड धुमसतं, धूर आणि काजळी दोन्ही वाढतात.

*३) खोली तापवायची असेल तर*
हिमाचल-काश्मीरकडं घरात झाकणाची लोखंडी बुखारी असते. तिचा धूर पाइपानं थेट छपराबाहेर जातो. आपल्याकडं कडाक्याची थंडी मोजकेच आठवडे. त्यामुळं वेगळी बुखारी घेण्यापेक्षा स्वयंपाकाच्या खोलीत धुराड्याची जाड मातीची चूल घालणं परवडतं. संध्याकाळचा स्वयंपाक झाल्यावरही माती बराच वेळ ऊब देत राहते. विस्तव पूर्ण विझल्याशिवाय मात्र त्या खोलीत झोपू नका आणि वरचा झरोका कधीच बुजवू नका.

*४) धुराडं*
पाइप छपराच्या वर निदान दोन-तीन फूट जाऊ द्या. कमी ठेवला तर वाऱ्यानं धूर उलटा घरात येतो. वर टोपी बसवा, म्हणजे पाऊस आत येणार नाही. तापलेला पाइप लाकडी वाशाला किंवा पाचटाच्या छपराला टेकता कामा नये. महिन्यातून एकदा काजळी झाडा. चूल चांगली असून "धूर मारते" अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेकदा पाइप तुंबलेला असतो.

*५) लाकूड सुकं नसेल तर महागडी चूलही वाया*
नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. आधी ते पाणी उडवण्यातच जाळ खर्च होतो. ओंडके फोडून, जमिनीपासून उचलून, वर पत्रा आणि बाजू मोकळ्या ठेवून सहा महिने रचून ठेवा. एप्रिलच्या खरड छाटणीच्या द्राक्षकाड्या पावसात भिजू न देता ठेवल्या, तर थंडीपर्यंत मस्त वाळतात. पऱ्हाट्या, तुराट्याही चालतात, फक्त भसकन जळतात म्हणून थोड्या-थोड्या सारा.
❌ ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर, औषधांचे डबे आणि रंगवलेलं लाकूड चुलीत घालू नका.

*६) घरीच करा परीक्षा*
जुन्या चुलीवर ५ लिटर पाणी झाकण ठेवून उकळा. आधी लाकूड वजन करून घ्या, उरलेलं पुन्हा तोला. दुसऱ्या दिवशी तेच पातेलं, तेवढंच पाणी, तेच लाकूड घेऊन नव्या चुलीवर करा. एखाद्या शेजाऱ्यानं आधी घेतली असेल तर त्याच्याकडं करून बघा आणि मगच पैसे द्या. दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा काटा खरं सांगतो.

तुमच्या परीक्षेत किती लाकूड लागलं ते जुनी चूल, नवी चूल असं लिहून ग्रुपवर टाका. बाकीच्या सभासदांना चूल निवडायला उपयोग होईल.

आणि शेगडीची सूचना आजच घरात सगळ्यांना सांगा. मळ्यात राहणाऱ्या मजुरांच्या कुटुंबांनाही सांगा, त्यांच्या खोपटात हाच धोका जास्त असतो.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌾