धामेचा पूर आणि कोसंबींचे गणित

पवनार येथे विनोबांच्या आश्रमाजवळून वाहणाऱ्या धाम नदीची पातळी पावसाळ्यात कोणी रोज सकाळी आठ वाजता मोजून कचेरीच्या दप्तरात लिहून ठेवली, तरी दोन नोंदींच्या मधल्या चोवीस तासांत नदी काही थांबलेली नसते. वरच्या अंगाला आभाळ फाटले की पाणी रातोरात चढते, उजाडेपर्यंत ओसरूही लागते, आणि दप्तरात त्याची खूणही उरत नाही. अखंड काळात क्षणोक्षणी यदृच्छेने पालटत जाणाऱ्या अशा राशीला गणितात यादृच्छिक प्रक्रिया म्हणतात. फासा टाकला तर एक आकडा पडतो; येथे दैवाच्या एकाच दानात जूनपासून सप्टेंबरपर्यंतची सबंध वक्ररेषा पडते, आणि संभाव्यता मोजायची ती अशा समग्र रेषांची.

रेषेवर बिंदू अगणित. तेव्हा तिचा हिशेब कसा मांडावा? गोव्यात जन्मलेले आणि त्या वेळी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४३ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात याचा जो मार्ग दाखवला, तोच फिनलंडच्या कारूनेन यांनी १९४७ साली आणि त्याच सुमारास फ्रान्सच्या लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडला. पुस्तकांत मात्र दीर्घकाळ त्या दोघांचीच नावे राहिली, हा मला अन्याय वाटतो. वर्ध्याशी या घराण्याचा ऋणानुबंध वेगळाच आहे: दामोदरपंतांचे वडील, बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद, यांनी जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून देह ठेवला.

कोसंबींची युक्ती अशी, की प्रथम अनेक वर्षांची सरासरी रेषा काढावी, आणि मग कोणत्याही एका वर्षाची तिच्यापासूनची फारकत काही ठरावीक आकृतींच्या बेरजेने दाखवावी. आकृती दरवर्षी त्याच, यदृच्छा फक्त त्यांच्या गुणकांत, आणि ते गुणकही परस्परांशी सहसंबंध नसलेले. धामेपुरते बोलायचे तर एक आकृती सबंध हंगामाचे पाणी वर किंवा खाली नेणारी असू शकेल, दुसरी आधी ओढ देऊन भाद्रपदात भरपाई करणारी. आणि कपाशीच्या शेतकऱ्याला या दोहोंतला फरक किती महत्त्वाचा, हे हिंगणघाट-आर्वीकडे कोणालाही सांगावे लागत नाही.

या रीतीचे खरे सामर्थ्य पाण्यात भिरभिरणाऱ्या सूक्ष्म कणाच्या गतीच्या आदर्श गणिती प्रतिमेत दिसते. ती रेषा इतकी खडबडीत, की कोणत्याही बिंदूपाशी तिला स्पर्शिका काढता येत नाही. तथापि ठरलेल्या स्थानापासून ठरावीक मुदतीपर्यंतची तिची फारकत वर्गाने मोजली, तर सरासरीने तिचा सुमारे ८१ टक्के हिस्सा पहिल्या एकाच ज्या-वक्राच्या वाट्याला येतो, सुमारे ९ टक्के दुसऱ्याच्या, आणि तिसऱ्याच्या वाट्याला जेमतेम ३ टक्के.