ऑर्डर आली, पार्सल गेलं... पण पैसे?

ऑनलाइन विक्री सुरू करणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, "ऑर्डर कशा आणायच्या?" तीन महिन्यांनी तोच माणूस भेटला की म्हणतो, "ऑर्डर येतात हो, पण लोक पैसेच देत नाहीत." आज या दुसऱ्या प्रश्नावर बोलू.

आधी एक गोष्ट समजून घ्या. पैसे न देणारे सगळे एका जातीचे नसतात. एक असतो मन बदलणारा, दुसरा सरळ ठकवणारा, तिसरा माल घेऊन पैसे लटकवणारा. आपण तिघांनाही एकच शिवी घालतो आणि तिघांवर एकच उपाय शोधतो. तिथेच गडबड होते. नव्या विक्रेत्याला सगळ्यात जास्त खड्ड्यात घालतो तो पहिला, आणि तो बिचारा चोर नसतो.

रात्री अकरा वाजता मोबाइल बघता बघता तुमची हळद आवडली, कॅश ऑन डिलिव्हरी दाबलं, झोपला. पाच दिवसांनी कुरिअरवाला दारात उभा, तेव्हा खिशात सुटे नाहीत, नाहीतर घरचे विचारतात, "हे कशाला मागवलं?" पार्सल परत! हे काही आजचं नाही. टपाल खात्याने 1877 साली व्ही.पी. सुरू केली, म्हणजे पोस्टमनला पैसे द्या आणि पार्सल घ्या. त्यातही पार्सल न सोडवण्याची सोय होतीच. फ्लिपकार्टने 2010 मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी आणली आणि तीच सवय मोबाइलवर आली. माल हातात आल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, यात गिऱ्हाईकाचं चूक काय? फक्त त्याच्या या सावधपणाचा खर्च तुम्ही भरता, तो किती ते बघा.

समजा तुम्ही आपल्याच वर्धा जिल्ह्यातली, 2016 साली जीआय मिळालेली वायगाव हळद विकता. किलोचं पाकीट 450 रुपयांना. हळद आणि दळण 280, पॅकिंग 20, कुरिअर 80. हातात राहिले 70. आता पार्सल परत आलं तर? जायचे 80, यायचे 80, पॅकिंगचे 20 वाया. झाले 180. म्हणजे एक परत आलेलं पार्सल अडीच पार्सलांचा नफा खातं. दहापैकी तीन परत आले, तर सात विक्रींचे 490 मिळाले आणि 540 गेले. दहा ऑर्डर पॅक केल्या, पळापळ केली आणि वरून 50 रुपये तोटा. कोणीही फसवलेलं नाही बरं का! आणि ही हळद होती म्हणून पाकीट पुन्हा विकता तरी येईल. कुरडया असत्या तर चुरा परत आला असता.

म्हणून ऑर्डर आणि पार्सल यांच्यामध्ये एक दिवस ठेवा, आणि त्या दिवशी फोन करा. व्हॉट्सअ‍ॅप किंवा इन्स्टाग्रामवरून ऑर्डर घेणाऱ्यांसाठी हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. "दादा, तुमची एक किलो हळद उद्या निघते आहे, एकूण 450 रुपये. गुरुवार-शुक्रवारी घरी कोण असेल? जवळची खूण सांगता का?" बस. ज्याचं मन बदललंय तो इथेच "राहू द्या" म्हणतो किंवा फोनच उचलत नाही. दोनदा फोन करून उत्तर नाही, तर पार्सल पाठवू नका. जीएसटी नंबर नसेल तर हळद-मसाल्यासारखा माल तुम्हाला राज्याबाहेर विकता येत नाही, म्हणजे समोरचा महाराष्ट्रातलाच. आपल्या भाषेत दोन मिनिटं बोलायला कसली लाज?

दुसरं, 100 रुपये आगाऊ घ्या. पार्सल नाकारलं तर ते कुरिअरमध्ये वळते होतील, हे आधीच लिहून कळवा. पूर्ण पैसे आधी देणाऱ्याला 30 रुपये सूट द्या. तुमचा नफा 70 चा 40 होईल, पण तो पक्का 40 असेल. "आगाऊ मागितले तर गिऱ्हाईक पळेल" असं मला नेहमी ऐकवतात. काही पळतील. त्यातले बरेच कुरिअरवाल्यासमोरही पळालेच असते.

मोठ्या मार्केटप्लेसवर मात्र गिऱ्हाईकाचा नंबर सहसा मिळत नाही. तिथे परत आलेल्या पार्सलचा चार्ज कोणावर पडतो, हे सेलर पॅनेलमध्ये वाचूनच किंमत ठरवा. पॅकिंगचा आणि परत आलेलं पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, आत भलतंच काही निघालं तर क्लेम करायला लागतो. आणि एक, नाकारणाऱ्यांचे नंबर आपल्या वहीत जरूर लिहा, पण ग्रुपवर फोटोसकट टाकून बदनामी करू नका. पैसे येणार नाहीत, उलट तक्रार तुमच्यावर येईल.

आता ठकवणारा. तो उलट घाईत असतो. भाव करत नाही, पेमेंटचा स्क्रीनशॉट लगेच पाठवतो आणि "गाडी दारात उभी आहे" म्हणतो. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक वाढलेली दिसेपर्यंत माल हलवायचा नाही. जुन्या वस्तू विकणाऱ्यांना "पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा" असं सांगतात. पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही. "चुकून जास्त पाठवले, परत करा" हाही जुना डाव. पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

तिसरा, लटकवणारा, बहुतेक व्यापारीच असतो. ऑनलाइन ओळख होते, 5 किलोचे पैसे रोख देतो, मग 40 किलो उधार मागतो आणि "माल विकला की देतो" म्हणतो. इथे मात्र कायदा तुमच्या बाजूने आहे, पण तयारी आधी हवी. उद्यम नोंदणी फुकट आहे, ती माल देण्याआधीच करा. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. अशा तक्रारींसाठी 2017 साली समाधान पोर्टल सुरू झालं. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि समोरच्याला तो कोर्टात रद्द करून घ्यायचा असेल, तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते.

पण लक्षात घ्या, हे संरक्षण बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. नुसता माल आणून विकणाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, हा 45 दिवसांचा हक्क मिळत नाही. तुम्ही स्वतः हळद दळून, पाकीट भरून विकत असाल तर नोंदणीत "उत्पादन" टाका, घाईत "व्यापार" निवडू नका. बिलावर उद्यम नंबर आणि पैसे देण्याची तारीख छापा. आणि माल पोचल्यावर त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहून घ्या: "40 किलो मिळाली, माल ठीक आहे." पुढे तक्रार करावी लागली तर बिलासोबत तो मेसेजही जोडता येतो.