विषुववृत्ताजवळचा नाताळ

नैरोबीस येऊन आम्हांस सहा वर्षे झाली. विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, सुमारे १७०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात डिसेंबर महिना ना कडाक्याच्या थंडीचा, ना आमच्या बार्देशसारखा घामाचा. येथे नाताळचे झाड म्हणून सायप्रसची फांदी रोवतात. आमच्या घरी तिच्याशेजारी कामट्यांचा, रंगीत कागद लावलेला तारा टांगतो.

फराळही गोव्याचाच : नेवऱ्या, कुलकुल आणि दोदोल. दोदोलास माडाचा काळा गूळ हवा; तो येथे आम्हांस मिळत नाही, म्हणून 'सुकारी न्गुरू' या उसाच्या गुळावर भागवतो. नारळ मात्र मोंबासाच्या किनाऱ्यावरचे, अगदी घरच्यासारखे.

नाताळ जवळ आला की शहर रिते होऊ लागते. नोकरीनिमित्त आलेली माणसे मुलाबाळांसह आपापल्या गावी निघतात. ती गर्दी पाहून गेल्या वर्षी आमच्या धाकटीने विचारले, "आपण गावी कधी जायचे? आजी गोठा एकटीच मांडणार का?" चौघांचे विमानभाडे आमच्या आवाक्याबाहेरचे होते. आम्ही नुसतेच तिच्या केसांवरून हात फिरवला.

शेजारच्या बाईही गावी गेल्या नव्हत्या. त्या परिचारिका; सणाच्या दिवशीही रुग्णालयात पाळी. त्यांना सारे 'मामा' म्हणतात. स्वाहिलीत मामा म्हणजे आई! आमच्या मुलांना प्रथम याचे भारी हसू येई. मुलींच्या हाती आम्ही त्यांच्याकडे फराळाचे ताट धाडले.

सायंकाळी ताट परत आले, रिकामे नव्हे. त्यात कोंबडीचा रस्सा आणि गरम चपात्या होत्या. इकडे चपाती हा सणावारी आवर्जून होणारा पदार्थ. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग बांधावयास हजारो हिंदी मजूर आले. अशा आपल्या माणसांबरोबर चपाती येथे आली, रुजली आणि नावही तेच राहिले. मामांनाही त्या दिवशी आपल्या गावची आठवण येत होती. त्या आमच्यासवेच जेवल्या.

रात्री आजीचा दूरध्वनी आला. तिचा पहिला प्रश्न, "फराळ कुणाकुणाला दिलात?"

धाकटी म्हणाली, "आधी मामांना!"

"तिकडे कोण गं तुझे मामा?" आजी चकित झाली. मग मामा कोण ते सांगता सांगता धाकटी 'गावी कधी' हे विचारावयाचेच विसरली. आम्ही मात्र विसरलो नाही. त्या रात्रीपासून तिकिटांसाठी वेगळा डबा ठेवला आहे.