पाळण्याचा दांडा कुणाला अडतो?

मोरगावच्या माघी चतुर्थीसारख्या यात्रांत पाळण्याचा आडवा दांडा अनेकदा दोघांत एकच असतो. जाड माणसाच्या पोटाला तो टेकला, की शेजारच्या सडपातळ पोरापुढे फट उरते. धोका त्या पोराला. म्हणून दोघांना वेगळं बसवा.

खोपोलीच्या इमॅजिकातला ‘नायट्रो’ बिनतळाचा रोलर कोस्टर आहे. पाय अधांतरी, आधार खांद्यावरून येणाऱ्या कवचाचा. अशी कवचं ठरावीक खाचेपर्यंत अडकवावीच लागतात. तिथे वजनापेक्षा छाती-पोटाचा घेर नडतो, त्यामुळे भरदार छातीचा पैलवानही मागे राहू शकतो. फार उंच माणसाचे हातपाय जवळच्या खांबांना लागण्याची भीती असते.

नकार द्यायचाच, तर रांगेच्या तोंडाशी नमुन्याची खुर्ची ठेवून द्यावा. ताटकळलेल्या माणसाला सगळ्यांदेखत उतरवणं क्रूर आहे.