माहूरच्या अवधूताचे गुरू आणि लातूरची अभ्यासिका

योग म्हटले की आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सतरंजी, पहाटेचे मैदान आणि सूर्यनमस्कार उभे राहतात. २१ जून २०१९ रोजी योगदिनाचा राज्यातील मुख्य कार्यक्रम नांदेडला झाला, तेव्हाही दृश्य हेच होते. प्रत्यक्षात पतंजलींच्या योगसूत्रांत, म्हणजे चार पादांत विभागलेल्या सुमारे १९५ सूत्रांच्या ग्रंथात, आसनाविषयी थेट बोलणारी सूत्रे जेमतेम तीन आहेत आणि त्यांत एकाही आसनाचे नाव आलेले नाही. ग्रंथाचा बहुतेक भाग चित्ताचा, म्हणजे सदैव कशाच्या ना कशाच्या मागे धावणाऱ्या मनाचा, विचार करण्यात गेला आहे.

हा विचार रोजच्या व्यवहारात कसा उतरवावा, या प्रश्नाचे एक जुने उत्तर नांदेड जिल्ह्याच्या मातीशी जोडलेले आहे. जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे माहूर हे दत्तात्रेयांचे निद्रास्थान मानले जाते, आणि भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देणारा जो अवधूत, म्हणजे सर्व उपाधी टाकून दिलेला विरक्त, भेटतो, तो परंपरेने दत्तात्रेयच होय. पैठणच्या एकनाथांनी याच स्कंधावर मराठी टीका लिहून ती १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली, त्यामुळे हे गुरू मराठी श्रोत्यांच्या ओळखीचे झाले. या चोवीसांत मठपती किंवा शास्त्री कोणीच नाही; पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर, मासा, मधमाशी, साळी कांडणारी मुलगी आणि बाण घडवणारा कारागीर अशी ही मंडळी आहेत. योगाचे शिक्षण चालत्या-बोलत्या जगातूनच घ्यावयाचे असते, हे इतक्या सहजपणे सांगणारे दुसरे प्रकरण भारतीय वाङ्मयात क्वचितच सापडेल.

या गुरूंपैकी पतंग ज्योतीच्या रूपाला भुलून जळतो, हरीण गाण्याच्या नादाला फसते आणि मासा चवीपायी गळाला लागतो. पतंजलींनी ज्याला प्रत्याहार म्हटले आहे, म्हणजे इंद्रियांना त्यांच्या विषयांपासून मागे वळवणे, त्याचे हे उलट्या बाजूने केलेले वर्णन आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या नावलौकिकामुळे मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी लातुरात येऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्याहाराचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज भासू नये, कारण रात्री अभ्यासिकेत जीवशास्त्राचे पुस्तक उघडे असते, शेजारी पालथा ठेवलेला मोबाईल दर काही मिनिटांनी थरथरतो, आणि पान तेच राहते. साळी कांडणाऱ्या मुलीची गोष्ट नेमकी येथे उपयोगी पडते. घरी पाहुणे आलेले असतात, घरात दुसरे कोणी नसते, म्हणून ती त्यांच्यासाठी एकटीच साळी कांडायला बसते. पण हात हलला की मनगटातील बांगड्या वाजतात आणि घरात कांडायला दुसरे माणूस नाही, ही गरिबी बाहेर कळते. ती एकेक करून बांगड्या उतरवते; दोन उरल्या तरी त्या वाजतातच, आणि प्रत्येक हातात एकच राहते तेव्हा कुठे आवाज थांबतो. तिने कांडण थांबवले नाही किंवा मनाला दटावलेही नाही, आवाजाचे कारण तेवढे दूर केले. मोबाईल उशाशी ठेवून निग्रहाच्या गोष्टी करण्यापेक्षा तो मेसच्या मावशींकडे देऊन येणे हा अधिक शास्त्रशुद्ध प्रत्याहार होय.

योगाच्या आठ अंगांपैकी पहिले अंग यम, म्हणजे समाजात वागताना पाळावयाची बंधने. त्यांतील अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा अधिक साठा न करणे, हा लातूरकरांनी कसोटीच्या काळात अनुभवलेला विषय आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात शहरातील पाणीसाठ्यांभोवती जमावबंदीचा आदेश लावावा लागला आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा शेजाऱ्याच्या रिकाम्या घागरीसमोर आपली टाकी काठोकाठ भरून ठेवणे ही केवळ खासगी बाब उरली नव्हती. मधमाशी साठवते आणि मध काढणारा तो घेऊन जातो, या अवधूताच्या दृष्टान्ताला अशा वर्षी निराळेच वजन येते.

मात्र अजगराचा धडा जपून घ्यावा लागतो. अजगर समोर येईल तेवढे खातो आणि न मिळाल्यास पडून राहतो, यातून अवधूत संतोष शिकला. पण हे सर्वसंगपरित्याग केलेल्या विरक्ताचे शिकणे आहे. सोयाबीनचा भाव पडलेल्या शेतकऱ्याला किंवा दुसऱ्यांदा नीट देणाऱ्या मुलीला संतोषाचा उपदेश करून गप्प बसवणे हा योगविचाराचा गैरवापर आहे. पतंजली साधनेतील विघ्ने मोजताना पहिले नाव व्याधीचे घेतात. अर्थात खचलेल्या, झोप उडालेल्या मुलाला आधी डॉक्टरांकडे आणि घरच्यांजवळ नेले पाहिजे, प्राणायामाची पाळी त्यानंतरची. अपयशाचे खापर त्याच्या मनोनिग्रहावर फोडणाऱ्या पालकांना आणि शिक्षकांना हे ठणकावून सांगण्याची गरज आहे.

या सर्व गुरूंत आजच्या विद्यार्थ्याला आणि कारागिराला सर्वांत जवळचा वाटावा असा गुरू म्हणजे बाण घडवणारा. तो बाण सरळ करण्यात इतका गढलेला असतो की जवळून राजाची स्वारी वाजतगाजत निघून जाते आणि त्याला ती कळत नाही. मन एका ठिकाणी बांधून ठेवणे ही धारणा आणि तेथेच त्याचा प्रवाह अखंड वाहणे हे ध्यान, अशी योगशास्त्राची परिभाषा आहे, आणि या कारागिराच्या हातांत ती दोन्ही दिसतात. २०२५ च्या नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न होते आणि चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा होता. अशा परीक्षेत एक्केचाळिसावा प्रश्न सोडवताना चाळिसावा चुकला असेल का आणि गुणवत्ता यादी कुठे थांबेल, या दोन्ही विचारांची स्वारी शेजारून जातच असते. गीतेने यश-अपयशातील समत्वाला योग म्हटले आहे ते याच अर्थाने, कारण बाण घडवणाऱ्याला तो कोणाच्या भात्यात जाणार आणि कुठे लागणार हे ठाऊक नसते. त्याची नजर काडीतला बाक कुठे आहे, एवढेच पाहत असते.